उकळलेल्या पाण्यातली पिल्लं

मुळगाव, डिचोली
५ मार्च २०२५

चि. गौरवी,

आशीर्वाद नेहमीचेच, ते पोचले असं समज.

सोळा टब आणि बेडकांची तीनशेवीस पिल्लं माझ्या परसात मांडून तू पुण्याला पळालीस त्याला आठ दिवस झाले. या आठ दिवसांत वाड्यावरचं एकूण एक माणूस येऊन बघून गेलं. डिचोलीच्या पोस्टात मी बत्तीस वर्षं काढली. पोस्टमास्तर आत आला की रांगेतले लोक बोलायचे थांबत. आता सकाळी पाव टाकायला येणारा पोदेर सायकलवरून न उतरताच विचारतो, "मास्तर, बेबे कापायला केव्हा काढणार?" आमच्या घरात मासळीपलीकडे काही शिजत नाही, बेडूक तर नाहीच, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी विचारतो. ही तुझी पुण्याई.

तू सांगितलंस ते मी नीट लिहून ठेवलंय. एक ते आठ नंबरच्या टबांत गावच्या तळीचं पाणी, शेवाळ-गाळ सगळ्यासकट. नऊ ते सोळात तेच पाणी, पण उकळून, गाळून, थंड करून. म्हणजे आठ टब गलिच्छ आणि आठ स्वच्छ, आणि सरकार तुला शिष्यवृत्ती देतंय ती गलिच्छ बरं हे सिद्ध करायला. तुझा आजा खाणीवर राबून मुलांना शिकवत होता तो याचसाठी, असं म्हणायचं.

जागेचं सांगतो. परसात तुळशीच्या अंगाला चौदाच टब मावले. पंधरा आणि सोळा मी चार पायऱ्या खाली, कुळागरात पोफळींच्या सावलीत ठेवले आहेत. रोज सकाळी आठला मोजणी, दुपारी दोनला पाण्याचं तापमान. हे मी करीन, कारण शब्द दिलाय. फोनवर फोटो मागू नकोस. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. वहीची नक्कल पत्रातून येत जाईल, आणि ती चुकलेली नसेल.

तुझा काका,
कृष्णनाथ

*

पुणे
१३ मार्च २०२५

ती. काका,

नमस्कार करते, पण दात-ओठ खात.

तुम्हाला हसायचं तर हसा. पोदेरालाही हसू दे. ज्याला यीस्ट म्हणजे काय ते माहीत नसताना जन्मभर पाव फुगवता आला, त्याच्याकडून मला प्रमाणपत्र नकोय. पण तुम्ही तरी एकदा नीट समजून घ्या.

बेडूक आपल्यासारखा नसतो. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नाही. बाहेर जेवढं तापेल तेवढाच तो तापतो. मग दरवर्षी वाढत्या उन्हाळ्यात तो तगतो कसा? माझं म्हणणं, त्याच्या पोटातले जंतू त्याला तगवतात. तळीच्या पाण्यातून ते पिल्लांच्या पोटात जातात. उकळलेल्या पाण्यात ते नाहीत. एप्रिलमध्ये पाणी पस्तिसाच्या वर गेलं की नऊ ते सोळा मरतील, एक ते आठ जगतील. इतकं सोपं आहे. दहावीच्या मुलालाही कळेल, तुम्ही तर मॅट्रिक आहात.

एकच गोष्ट सांभाळा. नऊ ते सोळात तळीच्या पाण्याचा एक थेंबसुद्धा जाता कामा नये. हात धुतल्याशिवाय बोट घालू नका. आणि कृपा करून काकीला यातलं काही सांगत बसू नका. तिला फक्त पाणी उकळून द्यायला सांगा. जंतू म्हटलं की ती फिनेलची बाटली घेऊन धावेल, आणि तिला समजावत बसायला मला वेळ नाही.

सर म्हणत होते, प्रयोग नातेवाइकांच्या परसात कशाला? मी त्यांना सांगितलं, तळीचं पाणी तिथेच ताजं मिळेल, आणि माझे काका मोजण्यात चुकत नाहीत. हे माझं शेवटचं वर्ष आहे. हा उन्हाळा फुकट गेला तर शिष्यवृत्ती संपली आणि पाच वर्षांचं कामही संपलं. म्हणून तुमचे टोमणे ऐकून घेतेय, एरवी ऐकले नसते.

गौरवी

*

मुळगाव
३१ मार्च २०२५

चि. गौरवी,

मॅट्रिक झालेल्या माणसाला समजलं. आभार.

पाडव्यापर्यंतची नक्कल सोबत आहे. एक ते आठ, म्हणजे तुझे गलिच्छ टब: मेलेली पिल्लं चार. नऊ ते चौदा: एकोणीस. पंधरा आणि सोळा मिळून नऊ. काल दुपारी पाणी चौतीसवर होतं. तुझं म्हणणं खरं होताना दिसतंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मयेच्या तळ्यावर नौकेत बसून कंटाळलेले दोन पर्यटक वाट चुकून आमच्या परसात आले. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, ही भारताची प्रगती. त्यांनी फोटो काढला आणि गेले.

तुझ्या काकीला सांगण्याचा प्रश्नच येत नाही. तिने एकदा विचारलं होतं, एवढं पाणी उकळून, निववून मग बेडकांना कशाला घालायचं? मी म्हटलं, तुला काय करायचंय? विषय तिथेच मिटला. चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय की सांगून समजत नाही तिथे तोंड वाजवू नये.

कृष्णनाथ

*

पुणे
८ एप्रिल २०२५

ती. काका,

बघितलंत? आता पोदेराला बोलवा आणि आकडे दाखवा.

सरांना नक्कल दाखवली. ते जास्त बोलत नाहीत, पण दोनदा "हं" म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेतली पल्लवी, जी माझ्या कामाला "बेडकांचं पाळणाघर" म्हणत होती, ती आता माझ्यापाशी जेवायला बसते. लोक असेच असतात.

एक करा. यापुढे प्रत्येक पानाखाली लिहा, "टबांना माझ्याखेरीज कोणी हात लावलेला नाही", आणि सही करा. तुमच्या सहीला संस्थेत काही किंमत नाही, पण कागदाला आहे.

गौरवी

*

मुळगाव
२ मे २०२५

चि. गौरवी,

सोबत एप्रिलची नक्कल आहे. प्रत्येक पानाखाली तुला हवं ते वाक्य आहे आणि ज्या सहीला किंमत नाही ती सही आहे.

आता बस आणि वाच. संपूर्ण एप्रिल महिना पाणी छत्तीस-सदतीस होतं. अंगणात चपलेशिवाय पाय टेकवत नाही. गलिच्छ टबांत महिन्याभरात मेली सहा. आणि उन्हात असलेल्या तुझ्या नऊ ते चौदात? दोन. दोनच! पाडव्यानंतर त्यांचं मरण जणू थांबलंच. शेपट्या हलवत, टुणटुणीत. आणि पंधरा-सोळा, जे मी पोफळींच्या गार सावलीत ठेवले, ज्यांचं पाणी कधी तेहतिसाच्या वर गेलं नाही, ते चाळीसच्या चाळीस मेले. शेवटचं सव्वीस तारखेला गेलं.

म्हणजे उन्हातले जगले आणि सावलीतले मेले. उकळलेलं पाणी आणि गाळाचं पाणी सारखंच. वा! पाच वर्षं शिकून तू शोध लावलास तो हा की सावली वाईट. आमच्या म्हशीला हे सांगितलं पाहिजे, ती उगाच फणसाखाली बसते.

मी हसलो, खोटं कशाला सांगू? दोन दिवस हसत होतो. तू लहानपणापासून ज्याला-त्याला अक्कल शिकवत आलीस, तुझी एकदा तरी अशी जिरायला हवी होती.

कृष्णनाथ

*

पुणे
२० जून २०२५

श्री. कृष्णनाथकाका,

पत्राला उशीर झाला. उत्तर द्यावंसं वाटत नव्हतं.

सगळे आकडे मांडून झाले. एप्रिलच्या उन्हात उकळलेल्या आणि न उकळलेल्या पाण्यात काही फरक नाही. सर म्हणाले, कल्पना छान होती, पण निसर्गाने ती मान्य केली नाही. शिष्यवृत्ती जुलैअखेर बंद. मी तुये औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात नोकरी घेतली आहे, एक ऑगस्टपासून. तिथे प्रयोगशाळेत बसून रोज तपासायचं की पाण्यात एकही जंतू नाही. ज्यांच्यासाठी पाच वर्षं दिली, ते आता शून्य दाखवायचे.

पंधरा आणि सोळा नंबर मी हिशेबात धरलेच नाहीत. सरांना त्यांचे एप्रिलचे आकडे दाखवलेही नाहीत. त्या दोन टबांपुढे मी शेरा मारला, "निरीक्षकाची चूक". कारण दुसरं काय असणार? गार सावलीत चाळीस मरतात आणि भर उन्हात दोन, हे शेंबड्या पोरालाही पटणार नाही. मेलेली पिल्लं कुठल्या टबातली कुठे लिहिलीत, देव जाणे. नाहीतर चष्मा न लावता मोजत असाल. सर आधीच म्हणाले होते, नातेवाईक नको. मी ऐकायला हवं होतं. खेड्यातल्या पेन्शनर माणसाच्या वहीवर माझं आयुष्य टांगून ठेवलं, ही माझीच अक्कल.

टब कोणाला तरी देऊन टाका. कपडे भिजवायला होतील.

गौरवी

*

मुळगाव
२७ जून २०२५

गौरवी,

आशीर्वाद नाहीत.

चूक? माझ्या वहीत? बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक रजिस्टर पत्र गहाळ झालं नाही. खाण बंद झाली तेव्हा वेड्यासारखी कागदपत्रं येत होती, माणसं खिडकीवर भांडत होती, तेव्हासुद्धा संध्याकाळी माझी मोजणी जुळलेली असे. आणि तू, जिला दोन बोटं लांबीचा जीव उन्हात का जगतो हे सांगता येत नाही, तू माझ्या पानावर लाल शाई फिरवतेस?

मी पुन्हा लिहितो. चाळीसच्या चाळीस मेले, ते पंधरा-सोळातलेच. मोजून, चिमट्याने उचलून, परसाच्या कडेला पुरले. तुझं शास्त्र खोटं, माझी वही खरी. ज्या दिवशी हे कबूल करशील त्या दिवशी या घरात ये. तोवर तुये आहे, कारखाना आहे, तुझे शून्य जंतू आहेत, तिथेच सुखी राहा.

कृष्णनाथ

*

मुळगाव
४ जुलै २०२५

बाय गौरवी,

हे पत्र काकीचं. दचकू नकोस. बोलते मी कोंकणी, पण लिहायला मला शाळेत मराठीच शिकवली होती, ती अजून विसरले नाही.

तुझं वीस तारखेचं पत्र आलं तेव्हा ह्यांनी वही मेजावर आपटली. मग उत्तर लिहून पोस्टात टाकायला स्वतः डिचोलीला गेले, आणि तुझी सगळी पत्रं मेजावरच टाकून गेले. ती मी एका बैठकीत वाचली. पेज करपली. तेरा मार्चचं पत्र दोनदा वाचलं. "काकीला सांगत बसू नका, फिनेल घेऊन धावेल." बरं गो बाये. आता मी सांगते ते ऐक.

तुमचं पाणी कोण उकळत होतं? मी. तळीवरून कोण आणत होतं? मी. सकाळी सहाला जाते, तळीच्या राखणदार देवाला फूल ठेवते, कळशी भरून घरी आणते. देवाला आणि तुळशीला घालून जे उरतं ते तसंच ओतून द्यायचं नसतं, पायदळी येतं. माझी सासू ते झाडाला नाहीतर जनावराला घालायची. मीही तेच करते. माझ्या हातातली कळशी ह्यांनी चाळीस वर्षांत कधी बघितली नाही, कारण त्या वेळी हे आत पेपर वाचत असतात.

मार्चमध्ये मी बघत होते. तुझ्या उकळलेल्या पाण्यातली पिल्लं मलूल झाली होती. तळाशी पडून असत, कुलेरीने, चमच्याने पाणी ढवळलं तरी हलत नसत. मेलेलं पाणी ते, त्यात जीव कसा धरणार? पाडव्याच्या दिवशी मी देवाचं उरलेलं पाणी त्यांना घातलं. नऊ ते चौदा, प्रत्येकाला एक-एक ओगराळं. रोज. चार-पाच दिवसांत वर यायला लागली. मला बरं वाटलं. कोणाला सांगितलं नाही, कारण मागे विचारलं तर "तुला काय करायचंय" हे उत्तर मिळालं होतं.

पंधरा-सोळाला घातलं नाही. चार पायऱ्या आहेत, माझा गुडघा उतरत नाही. ती मेली. मला वाटत होतं, सावलीत आहेत, जगतील बिचारी.

म्हणजे समजलं ना? मी पाचवीपर्यंत शिकलेली बाई, तरी तुझी पत्रं वाचून माझ्या लक्षात आलं. ज्यांना तळीचं पाणी मिळालं ती ऊन सोसून जगली. ज्यांना थेंबही मिळाला नाही ती सावलीत मेली. तू म्हणत होतीस तेच झालं गो. तुझंही खरं होतं आणि ह्यांची वहीही खरी होती. फक्त पानाखालची सही खोटी होती. "माझ्याखेरीज कोणी हात लावलेला नाही." मी कोणीच नाही, म्हणून तसं लिहिलं असेल.

तुम्ही दोघं शिकलेली. ह्यांना तीनशेवीस पिल्लं रोज मोजता आली, पण पाणी घालणारी बायको दिसली नाही. तुझ्याकडे जंतू बघायचं यंत्र आहे म्हणतात, पण त्यात मी कुठे दिसणार? एक शब्द मला सांगितला असतात तर मी त्या आठ टबांकडे बोटसुद्धा नेलं नसतं. घरात कोणाला सोवळं पाळायचं असलं तर ते कसं पाळतात हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. तुमच्या हुशारीची मला कीव येते, दुसरं काही येत नाही.

इथवर लिहून हे पत्र मी आधी ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. दोन दिवस गेले. आज म्हणाले, "पाठव." पत्ता ह्यांनी लिहिलाय, म्हणून अक्षर वेगळं आहे.

आता तू सरांना हे दाखवायचं की नाही ते तू ठरव. ते दोन टब तू त्यांच्यापासून लपवलेस, तेही तुलाच सांगावं लागेल. ते काही मी तुझ्यासाठी निस्तरणार नाही.

काकी, प्रभावती

*

पुणे
१९ जुलै २०२५

प्रिय काकी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून पर्समध्ये टाकलं आणि पाच दिवस बाहेर काढलं नाही. पहिला विचार आला तो हा, की फाडून टाकावं. कोणाला कळणार होतं? तुला खोटं सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहितेय.

सहाव्या दिवशी सरांकडे गेले. आधी ते दोन टब सांगितले, मग तुझं पत्र दिलं. त्यांनी सावकाश वाचलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. तू ओगराळ्याने पाणी घातलंस त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारली. म्हणाले, "या बाईंनी नकळत आपल्याला न सुचलेला प्रयोग केलाय. मेलेल्या पाण्यात रोज थोडं जिवंत पाणी घातलं की पिल्लं सावरतात का, हा खरा प्रश्न." मग त्यांनी विचारलं, की या बाईंशी सुरुवातीला कोणीच का बोललं नाही?  काकी, तुझ्याबद्दलचं तेरा मार्चचं वाक्य मला पाठ झालंय, तेच त्यांना सांगितलं.

मला वाटत होतं, आता शिष्यवृत्ती परत मिळेल. खरंच वाटत होतं. सर म्हणाले, पाणी चुकलं त्याला माफी आहे, पाणी सगळ्यांचं चुकतं. पण न आवडलेले आकडे जिने काढून टाकले, आणि वर दुसऱ्याच्या नावावर चूक लावली, तिला मी माझ्या प्रयोगशाळेत ठेवू शकत नाही. आवाज चढवला नाही. चहाही विचारला. मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून रडले. माझं काम खरं निघालं आणि ते आता माझं राहिलं नाही. कारखान्यात मी एक तारखेला जातेय, कारण दुसरं काही उरलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हे काम पल्लवी करणार आहे. हो, तीच, जी माझ्या कामाची कुचेष्टा करायची. सरांना परस तुझाच हवा आहे, आणि पाणी घालणारीही तूच. तू नाही म्हणालीस तर ते दुसरं गाव बघतील, तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. मी तुझ्या वतीने हो म्हटलेलं नाही. या वेळी ते तुला विचारायला स्वतः येतील.

काकांची वही बरोबर होती, हे मी सरांसमोर सांगितलं. त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असेल, तर मी तुयेहून रविवारी येईन. त्यांनी दार उघडलं नाही तरी चालेल, पायरीवर उभी राहून सांगेन आणि परत जाईन.

पल्लवीने काल मला विचारलं, मुळगावला गेल्यावर आधी काय करू? मी तिला म्हटलं, टब नंतर मांड, आधी काकीपाशी बस आणि तिला सगळं सांग. ती म्हणाली, त्यांना कळेल का? मी तिला तुझं पत्र वाचायला दिलं.

तुझी,
गौरवी